गाडीतून जळक्या ऑईलचा वास: गळती शोधण्यापासून पॅकिंग बदलण्यापर्यंत

गाडीतून जळक्या ऑईलचा वास येतो तेव्हा बहुतेक वेळा घडलेले असते ते असे: इंजिनच्या एखाद्या जोडातून ऑईल झिरपते आणि खालच्या तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या धातूच्या नळ्यांवर) पडून जळते. इंजिन ऑईलची वाफ साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसला पेट घेण्याजोगी होते आणि गाडी जोरात चालवल्यावर मॅनिफोल्ड ५०० अंशांच्याही वर जातो. त्यामुळे नाकाला कळण्याइतका वास यायला दोन-चार थेंब पुरतात. याची एक बाजू दिलाशाची आहे. ऑईल धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याच्या कितीतरी आधी वास तुम्हाला सावध करतो. दुर्लक्ष मात्र करायचे नाही, कारण तीच गळती वाढली तर आगीचे कारण होऊ शकते.

गाडीची फारशी माहिती नसलेल्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे: गळतीची जागा स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत एकही भाग बदलू नका. ऑईल वरून खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे डाग दिसतो एकीकडे आणि मूळ असते दुसरीकडे. खालचे चेंबर, म्हणजे ऑईल साठणारे इंजिनखालचे भांडे, ओले दिसले म्हणून त्याचे पॅकिंग (जोडाची फट बुजवणारी पट्टी) बदलले आणि गळती मात्र इंजिनवरच्या झाकणाची, म्हणजे टॅपेट कव्हरची निघाली, असे सर्रास घडते.

गाडी पुढे चालवायची की नाही

डॅशबोर्डवर थेंब गळणाऱ्या तेलाच्या बुधलीचे लाल चिन्ह गाडी चालू असताना पेटले, तर ती ऑईलच्या दाबाची सूचना असते. सुरक्षित जागा बघून लगेच गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि पुन्हा सुरू करू नका. दाब नसताना इंजिन थोडा वेळ जरी फिरले तरी बेअरिंगे खराब होतात, आणि तो खर्च पॅकिंगच्या खर्चाच्या आसपासही नसतो.

बॉनेटमधून धूर येत असेल तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा आणि लांब उभे राहा. ज्वाळा दिसल्या किंवा नुसती शंका आली तरी बॉनेट उघडू नका, कारण आत हवा शिरली की आग भडकते. ऑईलच्या आगीवर पाणी ओतायचे नाही. कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे जवळ असेल आणि ते वापरता येत असेल तरच फटीतून मारा. नाहीतर मागे सरा आणि अग्निशमन दलाला फोन करा.

यातले काही नसेल, लाल दिवा नाही, धूर नाही, फक्त वास आहे, तर ऑईलची पातळी तपासून गाडी जपून घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. काचा थोड्या उघड्या ठेवा. वासासोबत डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर एक्झॉस्टचा धूर आत येत असण्याची शक्यता आहे. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो. अशा वेळी गाडीतून उतरा आणि ती टो करून न्या.

वास ऑईलचाच आहे ना?

जळक्या ऑईलचा वास जड, ओशट आणि करपट असतो. घशाशी बसतो आणि कपड्यांनाही लागतो. कूलंट गळत असेल तर वास गोडसर येतो. चढावर क्लच अर्धवट दाबून गाडी धरून ठेवल्यावर जळक्या कागदासारखा वास आला, तर ती क्लच प्लेट. तसाच झोंबणारा वास एखाद्या चाकापाशी येत असेल आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा फार तापले असेल, तर ब्रेक चिकटला आहे. चीं असा आवाज आणि जळक्या रबराचा वास म्हणजे पट्टा. प्लास्टिक जळाल्याचा वास वायरिंगचा असतो. तो आला किंवा पेट्रोलचा उग्र वास आला, तर शोध घेत बसू नका, इंजिन बंद करून बाहेर पडा.

पॉवर स्टिअरिंगचे किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल एक्झॉस्टवर पडले तरी वास जवळपास असाच येतो. ही ऑईले बहुधा लालसर असतात आणि इंजिनचे ऑईल तपकिरी किंवा काळे, म्हणून थेंबाचा रंग पांढऱ्या कागदावर बघून ठेवा. पुढच्या चाकाच्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटले असेल, तर आतले ग्रीस उडून सायलेन्सरच्या पाइपवर बसते. तोही वास फसवतो. चाकाच्या आतल्या बाजूला गोलाकार उडालेले काळे ग्रीस दिसले की ओळखायचे.

वास नेमका कधी येतो

चार-पाच दिवस नुसते लक्ष ठेवलेत तरी अर्धे निदान होते. गॅरेजमध्ये गेल्यावरही पहिला प्रश्न हाच येतो, किंवा यायला हवा.

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार: गाडी पळताना वास नाही, पण सिग्नलला थांबली की येतो, किंवा गाडी लावून उतरल्यावर बॉनेटजवळ येतो. ही बाहेरची गळती समजा. पळत्या गाडीत वारा वास खालून मागे नेतो. गाडी उभी राहिली की तो वर चढतो, आणि पुढच्या काचेच्या पायथ्याशी जी जाळी असते तिथूनच केबिनची हवा आत ओढली जाते. पंखा बाहेरची हवा घेत असताना वास येतो आणि आतलीच हवा फिरवणारे बटण दाबले की थांबतो, असे असेल तर वास इंजिनच्या कप्प्यातूनच येतो आहे हे पक्के.

वासासोबत मागच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर ऑईल इंजिनच्या आत जळते आहे. यात वेळ फार बोलकी असते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळ्या धुराचा एक झोत आला आणि मग थांबला, तर व्हॉल्व्हची सीले (व्हॉल्व्हच्या दांड्याशी ऑईल अडवणारी रबरी कडी) कडक झाली असण्याची शक्यता जास्त. लांब उतारावर पाय काढून गाडी आली आणि उतार संपल्यावर रेस देताच झोत आला, तरी बोट तिकडेच जाते. जोर लावताना, चढावर, सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता जास्त. पांढरा धूर वेगळा. थंडीत सुरुवातीला येणारी पातळ वाफ काळजीची नाही. दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगची तपासणी हवी.

नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर ती बाब सर्वांत आधी धरा. ऑईल भरताना किंवा फिल्टर काढताना थोडे सांडते आणि ते जळून जाईपर्यंत दिवसभर, फार तर दोन दिवस वास येतो. त्यानंतरही येत राहिला तर चार जागा बघा: ऑईल भरायच्या तोंडाचे झाकण नीट बसले आहे का, डिपस्टिक पूर्ण आत आहे का, खालच्या ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घातला होता का, आणि फिल्टरभोवती ओल आहे का. कधी कधी जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर चढवला जातो. दोन रिंगा एकमेकींवर बसत नाहीत आणि तिथून ऑईल धो धो वाहू शकते. ही गळती थांबून बघण्यासारखी नाही. सर्व्हिसिंगनंतर लगेच गाडीखाली मोठा डाग दिसला तर इंजिन सुरूच करू नका.

डिपस्टिक

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबा. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि मग वाचा. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचे अंतर असते. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचे ऑईल थोडे थोडे करून भरा. एकदम ओतू नका, कारण जास्त भरलेले ऑईलही गळतीचे कारण होते. इंजिनात फिरणारा मुख्य दांडा (क्रँक) ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या आतला वायू बाहेर काढणाऱ्या नळीतून ते बाहेर ढकलले जाते. पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असलेल्या डिझेल गाडीत न भरता पातळी वाढलेली दिसली, तर बहुधा डिझेल ऑईलमध्ये मिसळते आहे. ते ऑईल बदलायलाच हवे.

आजची पातळी आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा बघा. गळती किती आहे याचा अंदाज डागावरून येत नाही, तो इथून येतो.

आधी धुवा, मग शोधा

मळलेल्या इंजिनवर गळती शोधणे म्हणजे चिखलात पावलांचे ठसे शोधणे. जुने ऑईल, धूळ, नवे ऑईल, सगळे एकच काळे लेपण झालेले असते. म्हणून ही पायरी वगळू नका, वेळ जातो तो इथे जाऊ द्या.

इंजिन पूर्ण थंड असताना अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इग्निशन कॉइल आणि एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. इंजिनसाठीचे डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, सांगितलेला वेळ थांबा आणि हलक्या धारेने धुवा. प्रेशरचा फवारा नको, पाणी कनेक्टरमध्ये घुसते आणि एक दुखणे बरे करताना दुसरे लागते. पाणी वापरायची धास्ती वाटत असेल तर ब्रेक क्लीनर आणि फडकी घेऊन जोडांच्या कडा पुसून काढा, तेवढ्यानेही काम होते. ब्रेक क्लीनर पेट घेतो, म्हणून तो फक्त थंड इंजिनवर आणि मोकळ्या हवेत. पिशव्या काढा आणि सगळे नीट वाळू द्या.

आता पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून आणा. बॉनेट उघडा, इंजिन बंद ठेवा, टॉर्च आणि हातात मावणारा छोटा आरसा घ्या. वरून सुरुवात करा. जिथे ओल सर्वांत उंचावर आणि सर्वांत पुढे आहे, तिथे मूळ असते.

टॅपेट कव्हरची गळती जवळून अशी दिसते. कव्हर आणि हेड यांच्यामधली शिवण सगळीकडे कोरडी, राखाडी. पण एखाद्या बोल्टपासून पुढच्या बोल्टपर्यंत बोटभर लांबीची रेघ काळी आणि चकचकीत. त्या रेघेच्या खालच्या टोकाला एक थेंब लोंबत असतो. तो जिथे पडतो तिथे मॅनिफोल्डवरच्या पत्र्यावर तपकिरी, रोगण मारल्यासारखा डाग बसलेला असतो, आणि गरम असताना तिथून धाग्यासारखा धूर निघतो. एवढे दिसले की शोध संपला.

गळती इतकी बारीक असेल की ओलही दिसत नाही, तर धुतलेल्या वाळलेल्या भागावर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि गाडी फिरवून आणा. पांढऱ्यावर ओल लगेच उठून दिसते. यापुढचा उपाय म्हणजे ऑईलमध्ये घालायचा अतिनील रंग. तो घालून गाडी चालवायची आणि अतिनील टॉर्चखाली बघायचे, गळती हिरवट-पिवळी चमकते. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरून चाकांच्या जागा त्यावर आखून ठेवल्या, तर सकाळी थेंब कुठल्या भागाखाली आहे तेही कळते.

वरून खाली येताना या जागा नजरेखालून घाला: ऑईलचे झाकण, टॅपेट कव्हर, कॅमशाफ्टचे सील, ऑईल फिल्टर आणि त्याचे घर, ऑईल प्रेशरचा स्विच, टर्बो असेल तर त्याच्या ऑईलच्या नळ्या, पट्ट्याच्या बाजूला क्रँकचे पुढचे सील, चेंबरचे पॅकिंग, ड्रेन बोल्ट. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडातून खाली थेंब पडत असेल तर क्रँकचे मागचे सील असू शकते. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते घरचे काम नाही. पण मागचे सील म्हणून सांगितलेल्या गळत्यांत कित्येकदा ऑईल वरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ओघळलेले असते. गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी तो कोपरा आरशात बघाच.

गाडीखाली जायची वेळ आली तर नुसत्या जॅकवर विसंबून कधीही जाऊ नका. कडक सपाट जमीन, चाकांना ठोकळे, हँडब्रेक, आणि गाडीचे वजन जॅक स्टँडवर. याला सूट नाही.

पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर तपासा

नवे पॅकिंग काही महिन्यांत पुन्हा गळू लागले तर पहिला संशय ब्रीदरवर घ्यावा. इंजिनच्या आत तयार होणारा वायू पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या छोट्या झडपेतून परत इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेकडे ओढला जातो. तो रस्ता मळाने बंद झाला की आत दाब वाढतो आणि ऑईल जिथे सापडेल त्या सीलमधून बाहेर पडते. पेट्रोल गाडीत याची सोपी परीक्षा आहे: इंजिन न्यूट्रलवर चालू ठेवून ऑईलचे झाकण काढा आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा धरा. तो किंचित आत ओढला गेला तर ठीक. फुगला तर ब्रीदर तुंबला आहे किंवा रिंगांमधून दाब येतो आहे. फार जोरात ओढला गेला आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्हचा पडदा फाटला असेल. डिझेल इंजिनात तोंडाशी थोडा फुंकर जाणवणे स्वाभाविक असते, तिथे ही परीक्षा धरू नका.

जुन्या धाटणीचा सुटा व्हॉल्व्ह काढून हलवला तर खुळखुळ वाजायला हवा. वाजत नसेल तर बदला. काही नव्या गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो आणि कव्हरच बदलावे लागते.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग

चार सिलिंडरच्या साध्या इंजिनावर हे काम नवख्याला एका सुट्टीच्या दिवशी जमते. इंजिनचा मागचा भाग डॅशबोर्डखाली दडलेला असेल, इंजिन व्ही आकाराचे असेल किंवा वर इनटेक मॅनिफोल्ड असेल, तर सरळ गॅरेजला द्या.

लागेल ते आधी जमवा: पॅकिंगचा पूर्ण संच, त्यात स्पार्क प्लगच्या नळ्यांच्या रिंगा असाव्यात, गोटी पाने, लहान आकड्यांचा टॉर्क रेंच, प्लास्टिकची खरवडणी, धागे न सुटणारी फडकी, पुस्तकात सांगितले असेल तर इंजिनचे सिलिकॉन (फट बुजवणारी पेस्ट).

इंजिन रात्रभर थंड झालेले असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. वरचे प्लास्टिकचे झाकण काढून एक फोटो घ्या, पुढे तो फार कामाला येतो. कॉइलवर मार्करने क्रमांक टाका, कनेक्टरची कुलपे जुन्या गाडीत ठिसूळ झालेली असतात म्हणून ती दाबून, न ओढता सोडवा. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात ऑईल साचलेले दिसले तर नळ्यांच्या रिंगाही गेलेल्या आहेत. ते ऑईल फडक्याने टिपून घ्या, प्लग त्यानंतर काढा, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरते.

ब्रीदरच्या नळ्या सोडवा. कव्हरचे बोल्ट बाहेरून मध्याकडे, प्रत्येक थोडा थोडा सैल करत काढा. कव्हर चिकटून बसले असेल तर रबरी हातोडीने कडेवर हलके ठोका. जोडाच्या पृष्ठभागावर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तिथून कायमची गळती लागते.

कव्हर निघाल्यावर कॅमशाफ्ट उघडे पडतात. त्यांच्यावर स्वच्छ फडके अंथरा आणि मगच कडा साफ करायला घ्या. जुन्या पॅकिंगचा तुकडा आत पडला तर ऑईलच्या वाटेत अडकू शकतो. दोन्ही कडा बोटाला गुळगुळीत आणि पूर्ण कोरड्या लागायला हव्यात. कव्हर सपाट आहे का, कुठे तडा आहे का तेही बघा. प्लास्टिकची कव्हरे उष्णतेने वाकतात, आणि वाकलेल्या कव्हरवर नवे पॅकिंग टिकत नाही.

नवे रबरी पॅकिंग खाचेत कोरडेच बसवायचे असते. सगळीकडे सिलिकॉन फासणे ही फार रुजलेली चूक आहे. पॅकिंग त्यावर घसरते, आणि जास्तीचे सिलिकॉन आत सुटून ऑईल पंपाच्या जाळीपर्यंत पोहोचते. सिलिकॉन फक्त पुस्तकात दाखवलेल्या जागी, बहुधा टायमिंग कव्हर जिथे हेडला मिळते त्या कोपऱ्यांवर आणि अर्धगोल वळणांच्या टोकांवर, लहानसा ठिपका.

कव्हर सरळ वरून ठेवा, सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग मध्यापासून बाहेर दोन-तीन फेऱ्यांत आवळा. हे बोल्ट नाजूक असतात, अनेक इंजिनांत ८ ते १० न्यूटन मीटरच्या आसपास. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात बघा आणि त्यापुढे पाव फेराही देऊ नका. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, पॅकिंग चेपून बाहेर येते किंवा आटे जातात. सिलिकॉन वापरले असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ थांबल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

सगळे जोडून इंजिन सुरू करा, दहा मिनिटे चालू ठेवा आणि टॉर्चने शिवण बघा. मॅनिफोल्डवर जुने ऑईल राहिलेले असल्याने वास एक-दोन दिवस येणारच. मॅनिफोल्डवरचा संरक्षक पत्रा किंवा इंजिनखालच्या आच्छादनातले नमद्यासारखे अस्तर ऑईलने भिजलेले असेल तर ते साफ करा किंवा बदला. गळती थांबली तरी तेवढ्यावरून वास येत राहतो आणि पेट घेण्याचा धोकाही उरतो.

ऑईल आत जळत असेल तर

निळा धूर असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर वरच्या कामाचा उपयोग नाही. गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी (सिलिंडर दाब किती धरतो आणि तो कुठून निसटतो हे बघणारी) करून घ्या. रिंगा आणि व्हॉल्व्हची सीले यांच्यात फरक तिथेच होतो, आणि खर्चातही मोठे अंतर असते. तोवर ऑईलची पातळी दर आठवड्याला बघा. आत जळणारे ऑईल एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर हळूहळू निकामी करते.

टर्बो डिझेल गाडीत टर्बोचे सील गेले असेल तर गाडी वापरणे थांबवा. इंजिन स्वतःच्याच ऑईलवर पळू लागू शकते, मग त्याचे फेरे (आरपीएम) आपोआप चढतात आणि किल्ली फिरवूनही ते बंद होत नाही. मॅन्युअल गिअरच्या गाडीत तसे झालेच तर ब्रेक पूर्ण दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा.

गळती थांबवण्याचा दावा करणारी द्रव्ये बाटलीतून मिळतात. ती रबराची सीले थोडी फुगवतात. जुन्या गाडीच्या किंचित झिरपणाऱ्या सीलला काही काळ आराम पडू शकतो. फाटलेल्या पॅकिंगला, सैल फिल्टरला किंवा मॅनिफोल्डवर टपकणाऱ्या गळतीला त्यांचा उपयोग नाही, तिथे माझा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे.

गॅरेजला गाडी देताना वास केव्हा येतो, धूर आहे का, पाचशे किलोमीटरमध्ये ऑईल किती उतरले आणि शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली, एवढे लिहून द्या. ओल्या जागेचा फोटो काढला असेल तर तो दाखवा. मेकॅनिकने कुठलाही भाग बदलायचे सांगितले की गळती कुठून आहे ते टॉर्च मारून दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक आनंदाने दाखवतो. काम झाल्यावर जुने पॅकिंग परत मागा. ते बोटांनी वाकवून बघा: चांगले रबर लवते, गेलेले पॅकिंग कडक होऊन कटकन मोडते.